अडतीस लाख पस्तीस हजार एकशे एकोणतीस

"नावाचं बरं असतं," मल्हारी पितळी पाटीवर वाकून स्वतःशीच कुरकुरत होता, "नावात चूक झाली तर गिऱ्हाईक लगेच बोंबलत येतं. आकड्यात चुकलं तर कोण येणार? ज्याचा आकडा त्यालाबी कळायचं नाय."

हे तो स्नेहलला म्हणत नव्हता. पण बिटको चौकामागच्या गल्लीतलं ते जिन्याखालचं दुकान इतकं चिंचोळं होतं, की तिथं कुणी मनात पुटपुटलं तरी शेजारच्याच्या कानात जावं. कोरायच्या यंत्राची सुई थांबली की पितळेचा कोमट वास यायचा, लहानपणी पैसा जिभेवर ठेवल्यावर यायचा तसा. सात आकडे कोरून झाले होते. अडतीस लाख पस्तीस हजार एकशे एकोणतीस. अण्णांचा, स्नेहलच्या वडिलांचा आकडा. खरं म्हणजे घरच्या चौघांचा, पण नाशिक रोडला सगळे त्याला गणिताच्या देवरे सरांचाच आकडा म्हणत. जेल रोडच्या बंगल्याच्या फाटकावर, जिथं लोक मातृछाया नाहीतर गुरुकृपा लिहितात, तिथं सदतीस वर्षं हा आकडा पितळेत ठोकलेला होता. कुरिअरवाले त्याला फोन नंबर समजत आणि तीन अंक कमी कसे म्हणून फाटकातूनच हाका मारत. आज अण्णांची पंचाहत्तरी होती. संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये जुने विद्यार्थी त्यांचा सत्कार करणार होते, त्यात ही पाटी द्यायची होती, आणि पाटी आणायचं काम मुलीकडं आलं होतं, कारण घरातली आणण्या-नेण्याची कामं मुलीकडं येतात आणि भाषणांची मुलाकडं जातात. एकोणपन्नासाव्या वर्षी याचा राग येत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातून अर्धी रजा टाकावी लागते, एवढंच.

"खाली 'मूळ संख्या' कोरायचं ना?" मल्हारीनं चष्मा कपाळावर सरकवला. "म्हंजे काय असतं ते, ताई?"

"जिला एक सोडून आणि ती स्वतः सोडून कुणानंच पूर्ण भाग जात नाही, ती."

"एवढ्या मोठ्या आकड्याला? कुणीच नाय?"

"कुणीच नाही."

"लय एकटा म्हणायचा मग," मल्हारी म्हणाला, आणि सुई बदलू लागला. मग मान न वळवता त्यानं विचारलं, "बघितलंय का पण कुणी भागून?"

"आम्ही बघितलंय. आम्ही चौघांनी, एका उन्हाळ्यात." बोलताना तिच्या आवाजात जरा तोरा आला, आणि तो आला हे तिलाच ऐकू आलं. घरातल्या लेकराचा फोटो दाखवावा तसा तिनं फोन काढला, आकडा त्यात घातला, पुढं लिहिलं, मूळ संख्या. मल्हारीला दाखवायला स्क्रीन त्याच्याकडं वळवली आणि वळवता वळवता स्वतः वाचली. फोननं लिहिलं होतं, नाही. त्याखाली एक ओळ होती. सतराशे तेहतीस गुणिले दोन हजार दोनशे तेरा.

तिनं फोन परत स्वतःकडं फिरवला. मल्हारीचं लक्ष सुईत होतं. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर तिनं गुणाकार केला. बरोबर आला. मग कॅल्क्युलेटरवर विश्वास नसल्यासारखा बिलाच्या पाठीवर हातानं केला, कारण ती शेवटी देवरे सरांची मुलगी होती. तीन त्रिक नऊ. खाली सात आकडे एकेक करून येत गेले, फाटकावरचेच, त्याच क्रमानं, जसे काही ते इतकी वर्षं या दोन आकड्यांच्या मागं लपून बसले होते आणि आता कंटाळून बाहेर आले होते. जिना चढताना एक पायरी जास्त धरावी आणि पाय हवेत पडावा, तसं झालं. आणि त्या हवेतल्या पायाला पहिली जाणीव झाली ती अण्णांची नव्हे, तीनाची. सतराशे तेहतीस. शेवटी तीन. आईच्या वाटणीचा.

कारण त्या उन्हाळ्यात वाटण्या झाल्या होत्या. अण्णा तेव्हा अडतीस वर्षांचे होते, आई पस्तीस, स्नेहल बारा आणि योगेश नऊ. जेवताना अण्णांनी चौघांची वयं एकापुढे एक ठेवली आणि ताटातला हात तसाच ठेवून म्हणाले, अरे, ही मूळ संख्या असणार. आकडा वाचायचा कसा, यातही त्यांना गंमत वाटली. आपण लाखात, ही हजारात आणि पोरं शेकड्यात. सगळे हसले. आईही हसली असेल. एखादी संख्या मूळ आहे का हे बघायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून बघावं लागतं, आणि इथं त्या तीनशेच्या आसपास होत्या. दोन आणि पाच सोडले तर मूळ संख्येचा शेवट एक, तीन, सात किंवा नऊ यांपैकीच कशावर तरी होतो. घरातही माणसं चार. अण्णांना तो शकुन वाटला. एकावर संपणाऱ्या अण्णांच्या, तीनावरच्या आईच्या, सातावरच्या स्नेहलच्या, नवावरच्या योगेशच्या. बाकीच्या घरांत मुलं मामाच्या गावाला जात. हे चौघं मधल्या खोलीत फरशीवर पालथे पडून उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर भागाकार करत. फरशी गार असायची, कोपरांना पेन्सिलीची काजळी लागायची, आणि संध्याकाळी अण्णा लाल पेन्सिल घेऊन बसत, एकेक संख्या पुकारत आणि ज्यानं त्यानं आपली बाकी सांगायची. बाकी ऐकली की लाल खूण. मुलांचे भागाकार अण्णा पुन्हा तपासत. आईचे तपासत नसत. सदतीस वर्षं ते हे प्रत्येक भाषणात सांगत आले होते. मुलांचे मी तपासले, हिचे तपासले नाहीत, संसारात विश्वास म्हणतात तो हाच. इथं टाळ्या पडत.

"कोरू का मग?" मल्हारी विचारत होता.

"थांबा जरा."

ती बाहेर येऊन उसाच्या गुऱ्हाळाशेजारी उभी राहिली आणि तिनं योगेशला फोन लावला. तो हॉलवर होता. मागं कुणीतरी माइकमध्ये हॅलो हॅलो करत होतं.

"योगेश, अण्णांच्या आकड्याला भाग जातो."

माइकवाल्याचं हॅलो दोनदा ऐकू आलं. मग योगेश बाजूला गेला असावा, आवाज बंद झाले. "तुला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. कसं काय किंवा काहीतरीच काय, असं तो म्हणाला नाही. कुणी सांगितलं, म्हणाला.

"तुला माहीत होतं."

"ताई, मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला माहीत झालं. पहिला प्रोग्राम तोच लिहिला. घरी फोन करणार होतो आनंदानं, आणि मग बघितलं कुणाच्या वाटणीचा आकडा आहे ते. सगळ्यांना माहितीये. सरांच्या विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे ना, तसा सरांना वगळून दुसरा एक आहे. त्यात दर वर्षी कुणीतरी नवा उत्साही येतो आणि शोध लावतो. मग त्याला गप्प करावं लागतं. तो किशोर आलाय ना परदेशातून, गणिताचा प्रोफेसर, आज मुख्य वक्ता तोच. त्यालाही मी सांगून ठेवलंय, संख्येवर काही बोलू नकोस."

"म्हणजे सगळा हॉल गप्प बसणार."

"आईसाठी, ताई. अण्णांनी आयुष्यात तिचं एकाच गोष्टीसाठी कौतुक केलंय. तेवढं राहू दे. कुरडयांचा चीक ढवळता ढवळता एखादा भागाकार चुकला तिचा, काय बिघडलं? तू आता काही काढू नकोस."

तिनं फोन ठेवला. उसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते आणि तिला ते सहन होईनात. म्हणजे ते असं होतं. संध्याकाळी अण्णा उभे राहून सांगणार, हिची एकही चूक झाली नाही, आणि समोरची दीडेकशे माणसं, सगळ्यांना चूक माहीत असलेली, आईकडं बघून मायेनं टाळ्या वाजवणार. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाठांतर विसरलेल्या मुलीला वाजवतात तशा. आणि आई पहिल्या रांगेत पैठणी नेसून त्या टाळ्या घेणार. ते चित्र मनासमोर आलं आणि स्नेहलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सांगितलं तर आईची चूक सगळ्या गावासमोर उघडी पडते. नाही सांगितलं तर आई त्या मायेखाली बसते, नकळत. दोन्हीकडून एकच बाई भरडते.

पण आईचा भागाकार चुकेल का? हा प्रश्न तिला त्या गुऱ्हाळापाशी, सदतीस वर्षांत पहिल्यांदा पडला. याचंच तिला नवल वाटलं. कारण आईला गणित येत नाही, हे त्या घरात पंख्यासारखं होतं, डोक्यावर फिरणारं आणि त्यामुळे न दिसणारं. आई बाजारात पर्स उघडून भाजीवाल्यापुढं धरायची, तुम्हीच घ्या हो किती झाले ते. दूधवाल्याचं अण्णा बघत. रिक्षावाला जास्त मागो की कमी, आई देऊन मोकळी. पाहुणे आले की अण्णा म्हणत, आमच्या हिला दोन आणि दोन विचारू नका, उत्तर रांगोळीत देईल. आणि स्नेहल दहावीला गणितात नापास होता होता वाचली, तेव्हा अण्णा रागावले नव्हते. ते हळुवारपणेच म्हणाले होते, जाऊ दे, गणितात तू आईवर गेलीस. त्या एका वाक्यावर ती कला शाखेला गेली, त्या वाक्यावर ग्रंथालयात गेली, पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे लावत बसली. वाईट काही झालं नाही. पुस्तकं चांगली असतात, गप्प असतात. पण आज ते वाक्य मनात फिरलं तेव्हा त्याची दुसरी बाजू दिसली, जिच्याकडं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आई गणितात कशी होती, हे तिला मुळात कुणी सांगितलं होतं? अण्णांनीच. एकदा फक्त, चांदवडच्या मावशीनं, कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत, हातात मठ्ठ्याचा पेला घेऊन, सहज सांगितलं होतं की तुझी आई बी.एस्सी.ला वर्गात पहिली असायची हो, अण्णा कळवणहून उशिरानं शिकायला आलेले, हिच्याच वर्गात पडले, हिच्याकडून समजून घ्यायचे. मग लग्न ठरलं आणि हिचं शेवटचं वर्ष राहिलं. मावशी आणखी बोलणार होती. आई म्हणाली होती, जिलबी वाढू का गं तुला. आणि मावशीनं जिलबी घेतली होती.

आता तो दिवस आठवला. आठवला म्हणणंही बरोबर नाही. तो तिथंच होता, फक्त त्याच्यावर दुसरा अर्थ घालून ठेवला होता, जुन्या गादीवर नवी चादर घालावी तसा. मे संपत आला होता. आकडे संपत आले होते, प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सातच उरले होते. अण्णांनी शिक्षकांच्या खोलीत सांगून टाकलं होतं, भद्रकालीत पितळी अंक टाकायला दिले होते. आईनं कुरडया घातल्या होत्या. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास घरभर होता. संध्याकाळी लाल पेन्सिल निघाली. अण्णांनी आईच्या वाटणीतला आकडा पुकारला, सतराशे तेहतीस. स्नेहल आईच्या अगदी कडेला होती, तिच्या दंडाला चीक लागून वाळला होता तो ती नखानं काढत होती. आई म्हणाली, "अहो, आणि बाकी उरलीच नाही तर?"

अण्णा हसले होते. वाईट नाही हसले, लाडानंच हसले. "उरते गं. पुन्हा कर. चीक ढवळत भागाकार करायचा नसतो."

आईनं कागद उलटा केला आणि पुन्हा केला. स्नेहलला पेन्सिलीचं टोक दिसत होतं, खाली उतरणारं, वजाबाकीच्या रेघेवर न थांबता पुढं जाणारं, झरझर, लिहिलेलंच परत लिहीत असल्यासारखं. शेवटी आईनं एक शून्य काढलं. मोठं नाही. आणि मग तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा योगेशला काहीतरी समजावत होते, त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं होतं, पितळी अंक, फाटक, शिक्षकांची खोली, कळवणच्या मातीच्या शाळेतून इथवरची सगळी वाट. आई उठून स्वयंपाकघरात गेली. अण्णांनी पुन्हा हाक दिली, "काय, आली ना बाकी?" आतून फक्त भांड्याचा आवाज आला. अण्णांनी लाल खूण केली. पेन्सिलीचा तो आवाज, कागदावर एकदा खाली आणि एकदा वर. स्नेहलला तेव्हा वाटलं होतं, आई रुसली, अण्णा बोलले म्हणून. आणि खरंच रुसली असती तर चार दिवसांनी बोलली असती. आई तशी कधी रुसली नाहीच. फक्त त्यानंतरच्या शनिवारी बाजारात तिनं पहिल्यांदा पर्स उघडून भाजीवाल्यापुढं धरली. तुम्हीच घ्या हो किती झाले ते.

गुऱ्हाळवाल्यानं विचारलं, ताई, रस देऊ का. ती नको म्हणाली आणि दुकानात परत गेली.

"खालचं राहू द्या," तिनं मल्हारीला सांगितलं. "नुसता आकडा असू दे."

"मोकळं दिसंल की."

"दिसू दे."

हे धाडस होतं की पळवाट, हे तिला रिक्षात बसल्यावरही ठरवता आलं नाही. मांडीवर कागदात गुंडाळलेली पाटी होती, पिटुकल्या बाळाइतकी जड. खोटं कोरलं नाही, एवढं केलं. खरंही कोरलं नाही. अण्णा विचारतील. जागा पुरली नाही म्हणावं. पण जागा तर अर्धी पाटीभर होती. आणि अण्णांना माहीत नसेल? पंचवीस वर्षांपूर्वी योगेशनं घरी कॉम्प्युटर आणला तेव्हा अण्णांनी त्यावर पत्ते खेळले, पंचांग बघितलं, कळवणचे कांद्याचे भाव बघितले. फाटकावरचा आकडा त्यांनी त्यात कधी घातला नाही. दर दिवाळीला मात्र ते स्वतः चिंच लावून ते सात अंक घासत. चिंच आई भिजवून द्यायची. सदतीस दिवाळ्या दोघं मिळून तो आकडा चकचकीत ठेवत होती. स्नेहलला एकदम अण्णांची कीव आली, आणि कीव आली म्हणून भीती वाटली. कारण माणसाची कीव यायला लागली की आपण त्याला काहीच सांगत नाही.

घरी आई आरशासमोर होती. पदराच्या निऱ्या धरून तिनं स्नेहलकडं पिन पुढं केली. आईच्या खांद्याला पावडरचा वास येत होता. ब्लाउज सैल झालं होतं, बाई आतून कमी झाली होती. स्नेहल पिन लावायला लागली. आता विचारावं. आई, तो भागाकार तू दोनदा केलास ना? दोन्ही वेळा शून्यच आलं ना? शब्द इतके तयार होते की दातांना लागत होते.

"पाटी झाली का गं?" आईनं आरशातून विचारलं.

"झाली."

"काय काय लिहिलं?"

"नुसता आकडा."

आरशात आईचे डोळे वर आले. क्षणभरच. मग तिनं खांदा जरा पुढं केला, पिन नीट लागावी म्हणून, आणि म्हणाली, "जपून. टोचेल तुला." बाहेर अण्णा फाटकापाशी उभे राहून हाक मारत होते, चला, चला, कुंभाच्या नावानं सगळे रस्ते खणून ठेवलेत, वेळेवर पोचायचं म्हणजे आत्ता निघायला पाहिजे. योगेश न्यायला आला होता.

गाडीत अण्णा पुढं योगेशच्या शेजारी बसले, मागं आई आणि स्नेहल. अण्णांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दर थोड्या वेळानं ते खिशातलं पेन जागेवर आहे का ते बघत होते. गांधीनगर गेलं. द्वारका चौकाच्या आधी गाडी अडकली ती अडकलीच. पुढं एक क्रेन आडवी लागली होती, दोन्ही बाजूंनी हॉर्न, आणि काचेवर धुळीचा पातळ थर चढत होता.

"बघू तरी ती पाटी," अण्णा म्हणाले.

स्नेहलनं पाटी पुढं दिली. कागद सुटला. अण्णांनी पितळेवरून बोट फिरवलं, एकेका अंकावरून, जसे ते पेपर तपासताना बेरजेवरून फिरवत. मग बोट खाली मोकळ्या जागेत गेलं आणि तिथं थांबलं.

"मूळ संख्या कुठंय?"

आरशात योगेशचे डोळे स्नेहलवर आले. "राहिलं असेल, अण्णा," तो म्हणाला, "ऐन वेळी ही लोकं—"

"तुला विचारलं नाही. स्नेहल?"

"नुसता आकडाच बरा वाटला, अण्णा." आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"बरा वाटला," अण्णा म्हणाले. "बरा वाटला म्हणजे? अगं, त्या आकड्यात काय आहे ते खाली लिहिल्याशिवाय लोकांना कसं कळणार? कुणी म्हणेल गाडीचा नंबर आहे." पाटी मांडीवर धरून त्यांनी समोरच्या क्रेनकडं पाहिलं. मग घसा साफ केला. हे घरातल्या सगळ्यांना ओळखीचं होतं. अण्णा घाबरले की शिकवायला लागत. "असू दे. मी बोलेन ना. आज मी वर्गांचंच सांगणार आहे. काही मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतात, आणि लिहिता आल्या तर एकाच प्रकारे. दुसरी जोडी सापडतच नाही. आपली आहे आठशे पंचाहत्तरचा वर्ग अधिक सतराशे बावन्नचा वर्ग. एकच जोडी. तिथून मी संसारावर येतो. मग ते उन्हाळ्याचं, वाटण्यांचं. आणि मग म्हणायचं, की मुलांचे भागाकार मी तपासले, पण आमच्या सौभाग्यवतींचे—"

"अण्णा, ते आज राहू द्या का?" योगेश म्हणाला.

"का म्हणून?"

मागच्या गाडीनं हॉर्न दिला, उगाचच, कारण जायला कुठंच जागा नव्हती. आत्ता, स्नेहलला वाटलं, आत्ता नाही बोलले तर हॉलमध्ये टाळ्या वाजतील आणि त्या टाळ्यांत माझेही हात असतील. तिनं तोंड उघडलं. घशात पितळेचा वास होता. अण्णा, आईनं तेव्हा. इतकंच जुळलं, पुढचं जुळेना.

"दोन प्रकारे," आई म्हणाली.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. कुणी आधी तिच्याकडं पाहिलंच नाही, इतकं ते भाजीच्या भावासारखं म्हटलेलं होतं.

"काय दोन प्रकारे?" अण्णांनी विचारलं.

"तुमची ती बेरीज. दोन प्रकारे लिहिता येते. सातशे तेवीसचा वर्ग आणि अठराशे वीसचा वर्ग. करून बघा."

स्नेहलनं नकळत केलं. तेवीसचा वर्ग पाचशे एकोणतीस, वीसचा चारशे, शेवटी एकोणतीस. जुळत होतं. पुढचं करायची तिला गरज वाटली नाही. पुढच्या सीटवर अण्णांचं बोट गुडघ्यावर हलत होतं. हातचा घेताना ते बोट जरा उचलायचे, तसं ते उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग थांबलं. अण्णांची मान एकाएकी बारीक दिसायला लागली, कॉलर तिच्याभोवती उभी होती.

"हे कधी काढलंस तू?" त्यांनी विचारलं. मागं न वळता.

"काढलं कधीतरी. मेथी निवडताना." आईनं पर्समधून रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. समोर क्रेन हलली, पण योगेशनं गाडी पुढं घेतली नाही. आईनं खिडकीतून नजर काढली आणि पुढं झुकून अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, जसा ती त्यांना दुपारी झोपेतून उठवताना ठेवायची, तसाच.

"सतराशे तेहतीसनं भाग जातो, अहो," ती म्हणाली. "पूर्ण जातो. तेव्हाही जात होता."